उड्डाण आणि ओळख

महाभारताच्या कर्णपर्वात सारथ्य पत्करलेला शल्य कर्णाचा गर्व उतरवण्यासाठी त्याला हंस आणि कावळा यांचे आख्यान सांगतो. समुद्रकाठच्या एका धनाढ्य वैश्याच्या मुलांच्या उष्ट्यावर पोसलेला एक कावळा असतो. दूध, दही, पायस, मध आणि तूप खाऊन माजलेला हा कावळा एके दिवशी दूरदेशीच्या हंसांना पैजेचे आव्हान देतो. आपणास एकशे एक उड्डाणे येतात, असे तो सांगतो आणि त्यांतील कितीतरी नावे भराभर म्हणून दाखवतो. हंस उत्तरतो की, सर्व पक्ष्यांना जे एक उड्डाण ठाऊक आहे तेवढेच मला येते. पैज सुरू होते. कावळ्याच्या कसरती पाहून काठावरचे कावळे आनंदाने ओरडतात. पुढे मात्र नुसता समुद्र असतो. विसाव्याला बेट नाही, झाड नाही. कावळा थकतो, त्याचे पंख आणि चोच पाण्याला लागू लागतात. तेव्हा हंस त्याला विचारतो की, पंखांनी आणि चोचीने पुन:पुन्हा पाणी शिवण्याच्या या उड्डाणाचे नाव काय? अखेर हंसच त्याला पाठीवर घेऊन किनाऱ्यावर आणतो.

आख्यानाचे तात्पर्य नीतिपर आहे. परंतु त्यातील नावांची यादी नीतीच्या पलीकडची आहे. डीन, उड्डीन, अवडीन, प्रडीन, निडीन, संडीन, तिर्यग्डीन, परिडीन, अतिडीन, महाडीन अशी ही शब्दमाला ‘उडणे’ या अर्थाच्या एकाच धातूला उपसर्ग जोडत तयार झाली आहे. अमरकोशानेही पक्ष्यांच्या गती म्हणून प्रडीन, उड्डीन आणि संडीन ही तीन नावे नोंदवली आहेत. म्हणजे उड्डाणांचे वर्गीकरण हा केवळ एका कवीच्या कल्पनेचा खेळ नव्हता, त्याला कोशात जागा होती. सतराव्या शतकात काशीत राहून महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिणाऱ्या नीलकंठ चतुर्धराला या नावांचे अर्थ लावून द्यावेसे वाटले. त्याचे घराणे गोदाकाठच्या कोपरगावचे. त्याच्या विवरणात उड्डीन म्हणजे वर जाणे, अवडीन म्हणजे खाली येणे, निडीन म्हणजे सावकाश जाणे, संडीन म्हणजे लालित्याने जाणे असा उलगडा आढळतो.

ही यादी पाहताना एक उणीव जाणवते. तीत उड्डाणे आहेत, पण त्यांना जोडलेले पक्षी नाहीत. कोणते उड्डाण कोणाचे, हे कावळा सांगत नाही. सगळीच आपली, असा त्याचा दावा आहे. पक्ष्याला त्याच्या उडण्यावरून ओळखण्याचा प्रश्न येथे उपस्थित होत नाही. तो अप्रत्यक्षपणे उपस्थित होतो तो वाल्मीकी रामायणात. किष्किंधाकांडात पंख जळालेला वृद्ध गृध्र संपाती वानरांना आकाशाचे मार्ग सांगतो. पहिला मार्ग कुलिंगांचा म्हणजे चिमण्यांसारख्या धान्यावर जगणाऱ्या पाखरांचा, दुसरा बळी खाणाऱ्या कावळ्यांचा आणि झाडांची फळे खाणाऱ्यांचा, तिसरा भास, क्रौंच आणि कुरर यांचा, चौथा श्येनांचा, पाचवा गृध्रांचा, सहावा हंसांचा आणि त्याहून वरचा वैनतेयांचा. येथे प्रत्येक पक्ष्याला आकाशातील एक पातळी दिली आहे आणि पहिल्या दोन पातळ्यांशी त्याचे अन्नही जोडले आहे. दाणे टिपणाऱ्याला उंच जाण्याचे कारण नसते. मृत जनावर शोधणाऱ्याला दूरवर दिसावे म्हणून उंच जावेच लागते. जो कोणी हा क्रम प्रथम रचला त्याने आकाशाकडे पुष्कळ वेळ पाहिले असले पाहिजे.

संस्कृतातील ‘हंस’ या शब्दाखाली अनेक जलपक्षी येतात, त्यामुळे प्राचीन नावांना आजची शास्त्रीय नावे चिकटवताना सावधगिरी बाळगावी लागते. तरीही हिवाळ्यात भारतात उतरणारे पट्टेरी राजहंस हिमालय ओलांडताना ७,००० मीटरांहून अधिक उंचीवर नोंदले गेले आहेत, हे संपातीच्या सहाव्या मार्गाशी ताडून पाहण्यासारखे आहे. उंचीचा विक्रम मात्र हंसाकडे नाही. १९७३ मध्ये पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टवर सुमारे ११,३०० मीटर उंचीवर एका विमानावर पक्षी आदळला. तो आफ्रिकी गिधाडाच्या जातीचा होता. संपातीने आपल्या जातभाईंना पाचव्या मार्गावर ठेवले यात त्याचा विनयच म्हणावा लागेल.

उडणारा पक्षी ओळखण्याची गरज माणसाला वाटली त्याच्या आधीपासून ती पक्ष्यांना आहे. अंगणातील कोंबडी घारीची सावली पडताच पिल्लांना पंखाखाली घेते, पण बगळ्याची सावली पडली तर मान वर करीत नाही. कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी १९३७ च्या सुमारास पुठ्ठ्याची एक आकृती पाळीव पिल्लांच्या डोक्यावरून फिरवून पाहिली. एका दिशेने नेली की ती आखूड मानेच्या व लांब शेपटीच्या शिकारी पक्ष्यासारखी दिसे. उलट दिशेने नेली की लांब मानेच्या हंसासारखी. पहिल्या वेळी पिल्ले घाबरत, दुसऱ्या वेळी नाही. हे भय उपजत आहे की नेहमीच्या आकृतीला पिल्ले सरावतात म्हणून नवी आकृती भीतिदायक ठरते, यावर पुढे वाद झाले आणि मूळ निष्कर्षाला मर्यादा घातल्या गेल्या. परंतु आकृती आणि तिच्या गतीची दिशा मिळूनच ओळख पटते, हा मुद्दा टिकून राहिला. या जाणिवेचा फायदा घेणारा पक्षीही आहे. पावसाळ्याच्या तोंडी आंबराईतून ओरडणारा पावशा हा कोकिळेच्या कुळातला, दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारा. त्याचा रंग तर शिक्र्यासारखा आहेच; पण चार भराभर पंख मारायचे, मग पंख स्थिर ठेवून तरंगत जायचे आणि बसण्यापूर्वी किंचित वर उचलायचे, ही शिक्र्याची चालही त्याने तंतोतंत उचलली आहे. लहान पाखरे फसतात आणि कलकलाट करतात.

मानवी इतिहासात उड्डाणाचे सर्वांत काटेकोर निरीक्षण ज्यांनी केले ते श्येनपालक होते. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये श्येनविनोदाला स्वतंत्र स्थान आहे. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याने तर ‘श्यैनिकशास्त्र’ हा एक पूर्ण ग्रंथच या विषयावर लिहिला. हरप्रसाद शास्त्री यांनी तो १९१० मध्ये इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. शिकारी पक्ष्यांचे काळ्या डोळ्यांचे आणि पाटल म्हणजे गुलाबी डोळ्यांचे असे दोन वर्ग या परंपरेत केले जातात. फारसी परिभाषेतही हीच विभागणी आहे. वरवर पाहता ही डोळ्यांच्या रंगावरची विभागणी. प्रत्यक्षात ती उड्डाणाची आहे. काळ्या डोळ्यांच्या ससाण्यांचे पंख लांब आणि टोकदार असतात; ते उघड्या माळावर उंच चढतात आणि वरून सावजावर कोसळतात. बहिरी ससाण्याच्या या कोसळण्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरांच्या वर जातो. दुसऱ्या वर्गातील बाज, बाशा आणि शिक्रा यांचे पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब. ते हातावरून थेट सुटतात आणि झाडाझुडपांतून वळणे घेत थोड्याच अंतरात झडप घालतात. श्येनपालकाला हा भेद पुस्तकासाठी नको होता. कोणत्या जमिनीवर कोणता पक्षी सोडायचा आणि दूर ठिपक्यासारखा दिसणारा पक्षी आपला की परका, हे त्याला क्षणात ठरवावे लागे. बहिरी, शिक्रा, लग्गड, तुरुमती ही नावे मराठीत आली ती याच व्यवसायाच्या वाटेने.

बाबराच्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील पक्ष्यांचे जे वर्णन आहे तेही शिकाऱ्याच्या नजरेचेच आहे. मोराचे रंग त्याने वाखाणले. पण त्याचबरोबर मोर फार उडू शकत नाही, एकदोन आखूड भराऱ्यांपलीकडे त्याची मजल जात नाही, आणि म्हणून तो डोंगर व जंगल धरून राहतो, असेही त्याने लिहून ठेवले. पिसाऱ्याच्या वैभवापुढे ही नोंद किरकोळ वाटेल. परंतु उड्डाण आणि वसतिस्थान यांचा कार्यकारणसंबंध तीत मांडला आहे आणि तो आजच्या निरीक्षकालाही मान्य व्हावा असा आहे.

ग्रंथांत न उतरलेले ज्ञान याहून किती तरी मोठे होते. बिहारमधील मीरशिकार, महाराष्ट्रातील फासेपारधी आणि ठिकठिकाणच्या रानांत फासे व जाळी लावणाऱ्या इतर जमाती यांचा चरितार्थच पक्षी कोठून उठेल, कसा वळेल आणि कोठे बसेल या अंदाजावर चालत असे. वासाहतिक सत्तेने यांतील काही जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारतात तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्षी धरणे बंद झाले, ते आवश्यकच होते. पण त्याबरोबर त्या ज्ञानाचा व्यवहारातील आधारही सुटला. त्याची थोडी कदर झाली ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या स्थलांतर-अभ्यासात. १९५९ पासून सुरू झालेल्या या प्रकल्पात पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्यासाठी मीरशिकारांना कामावर घेण्यात आले. आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात १९८६ मध्ये जेर्डनचा धाविक हा नामशेष मानला गेलेला निशाचर पक्षी पुन्हा सापडला, तोही स्थानिक पक्षी धरणाऱ्यांच्या मदतीने.

या ज्ञानाचा दुसरा अवशेष भाषेत आहे. घार घिरट्या घालते, ससाणा झडप घालतो, गरुड भरारी घेतो, खंड्या सूर मारतो, चिमण्या भुर्र उडतात, बगळ्यांची माळ सरकते, भिंगरी गिरक्या घेते. मराठी बोलणारा माणूस यांतील एकाचे क्रियापद दुसऱ्याला सहसा लावीत नाही. घारीला भुर्र उडायला लावले तर ऐकणारा हसेल. कर्णपर्वातील शब्दमालेला जे साधले नाही ते या क्रियापदांना साधले आहे. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षीकोश’ सिद्ध करताना रानात राहणाऱ्यांच्या तोंडची नावे आणि शब्द गोळा केले त्यामागे हीच जाण होती. २०२५ मध्ये ते निवर्तले तेव्हा या शब्दसंपत्तीचा एक मोठा राखणदार गेला.

एकोणिसाव्या शतकात पक्षिशास्त्र भारतात आधुनिक झाले आणि त्याच वेळी उड्डाण त्यातून बाहेर पडले. ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यचिकित्सक टी. सी. जेर्डन यांचा ‘बर्ड्‌स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाला. सिमल्याचे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८८५ मध्ये आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यात कातडी आणि अंडी मिळून सुमारे ८२,००० नमुने होते. याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सभेमुळे त्यांचे नाव इतिहासात अधिक गाजले. या काळातील ओळखीची पद्धत ठरलेली होती: पक्षी पाडायचा, कातडे सोलून कापूस भरायचा, पंख, चोच, पाय यांची मापे घ्यायची आणि पिसांचा परस्पर क्रम तपासून नाव निश्चित करायचे. शास्त्राच्या दृष्टीने ही शिस्त अटळ होती. ज्या देशातील निम्म्या जातींची धड यादीही झालेली नव्हती तेथे हातात पुरावा असल्याशिवाय दावा टिकला नसता. पण पेटीत पाठीवर निजवलेल्या, पंख अंगाशी बांधलेल्या त्या नमुन्यात पक्ष्याचे सर्वांत ठळक लक्षणच उरत नसे. ग्रंथातील वर्णन वाचून कातडे ओळखता येई, समोरून उडत गेलेला पक्षी नाही.

शिवाय कातडे खोटे बोलत नाही, हा विश्वासही निरपवाद ठरला नाही. रानपिंगळा हे छोटे घुबड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर कोणाला सापडले नव्हते. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या प्रख्यात संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळवल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना तेवढा होता, आणि शोध घेणारे त्या चिठ्ठीच्या आधारे भलतीकडे पाहत राहिले. तो नमुना म्हणजे जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेले, नंतर संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेले कातडे होते, हे पुढे पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड केले. चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळल्यावर, नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. तो झाडावर बसला होता, शेपटी हलवीत होता. तेथे बंदुकीची गरज पडली नाही.

पाश्चात्त्य देशांत बंदूक खाली ठेवण्याची प्रक्रिया याआधीच सुरू झाली होती, आणि तिच्या आरंभी एक विलक्षण बंदूक आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-झ्युल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा तयार केला. खांद्याला लावून नेम धरायचा आणि चाप ओढायचा. गोळीऐवजी एका सेकंदात बारा छायाचित्रे निघत. उडत्या पक्ष्याचा पंख खाली येताना कसा पसरतो आणि वर जाताना कसा मिटतो, हे माणसाने प्रथम नीट पाहिले ते अशा चित्रांत. पंखांचा फटका ही एकच हालचाल नसून हालचालींची मालिका आहे आणि ती जातीगणिक वेगळी आहे, हे त्यातून सिद्ध झाले. १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये एडमंड सेलूस यांचे ‘बर्ड वॉचिंग’ प्रसिद्ध झाले. त्यांचे बंधू फ्रेडरिक हे आफ्रिकेतील नामांकित शिकारी. एडमंड यांनी मात्र पक्षी मारणे सोडून तासन्‌तास बसून पाहण्याचा मार्ग धरला. १९२१-२२ मध्ये टी. ए. कावर्ड यांनी ‘जिझ’ हा एक बोलीतला शब्द पक्षिनिरीक्षणात रूढ केला. आकार, ठेवण, हालचाल यांचे पृथक्करण करण्यापूर्वीच एखाद्या पक्ष्याची जी समग्र ओळख मनाला पटते, तिला हा शब्द लावला गेला. दूरवरून येणारा परिचित माणूस चेहरा दिसण्याआधी चालीवरून ओळखू यावा तशी ही ओळख.

तिला पद्धतीचे रूप दिले ते अमेरिकेतील रॉजर टोरी पीटरसन यांनी. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या खिशात मावणाऱ्या पुस्तकात सारखे दिसणारे पक्षी शेजारीशेजारी, एकाच पवित्र्यात काढलेले होते आणि भेदाच्या खुणा बाणांनी दाखवल्या होते त्या फक्त नेमक्या तेवढ्याच. शिकारी पक्षी आणि बदके तर खालून वा बाजूने, उडताना दिसतात तशी चितारली होती. २,००० प्रतींची पहिली आवृत्ती पाहता पाहता संपली. ज्ञानाचा केंद्रबिंदू प्रयोगशाळेतील टेबलावरून मोकळ्या आभाळाकडे सरकला तो येथे.

भारतात हे स्थित्यंतर टप्प्याटप्प्याने झाले. साताऱ्यात जन्मलेले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेले ई. एच. एटकेन यांनी १९०० मध्ये मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर सामान्य वाचकासाठी पुस्तक लिहिले. १९२८ मध्ये पंजाबातील पोलीस अधिकारी ह्यू व्हिसलर यांचे भारतीय पक्ष्यांवरील सुबोध पुस्तक आले. त्यात पक्ष्याचे वागणे आणि उडणे यांना रंगरूपाइतकीच जागा होती. १९४१ मध्ये सालीम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ प्रसिद्ध झाले आणि शाळेतल्या मुलालाही दुर्बिणीशिवाय, प्रसंगी नुसत्या डोळ्यांनी, पक्ष्याचे नाव शोधता येऊ लागले. सालीम अलींचे आयुष्य या संक्रमणाचे प्रतीकच आहे. १९०८ मध्ये छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घेण्यासाठी हा मुलगा सोसायटीत गेला आणि तेथून पक्षिशास्त्रज्ञ झाला. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन यांसारख्या संस्थानांची पाहणी करताना त्यांनी नमुने गोळा केले, त्यासाठी बंदूक वापरली आणि ही गोष्ट कधी लपवली नाही. शास्त्राला पुरावा लागतो, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत होती. पण ज्या हजारो वाचकांना त्यांनी पक्षी पाहायला शिकवले त्यांना पुराव्यासाठी बंदूक उचलावी लागली नाही, हेही त्यांचेच कर्तृत्व होय.

उड्डाणावरून ओळख पटवताना निरीक्षक प्रामुख्याने तीन गोष्टी पाहतो: आकृती, लय आणि मार्ग. आकृतीत पंखांची रुंदी, टोक, शेपटीचा आकार आणि मानेची ठेवण येते. बगळे व वंचक मान आखडून उडतात. करकोचे, क्रौंच आणि चमचे ती पुढे ताणून उडतात. नदीवरून संध्याकाळी जाणारी रांग एवढ्यावरून दोन गटांत विभागता येते. घारीची शेपटी खाचदार, ब्राह्मणी घारीची गोलसर. लय म्हणजे पंखांच्या फटक्यांचे प्रमाण. कावळा वल्हे मारल्यासारखे एकसारखे पंख मारतो. हुदहुद फुलपाखरासारखा अनिश्चित फडफडत जातो. पाकोळीचे विळ्यासारखे ताठ पंख थरथरल्यासारखे हलतात, तर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या भिंगरीचे पंख मऊपणे वाकतात. मार्ग म्हणजे पक्ष्याने हवेत काढलेली रेषा. सुतार चारदोन फटके मारून पंख मिटतो, खाली येतो, पुन्हा फटके मारतो. त्याची रेषा लाटांची होते. परीट पक्ष्याचीही तशीच. कापशी घार आणि खरूची माळावर, तर कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी फडफडत स्थिर राहतात.

या भेदांमागे भौतिक कारणे आहेत. पंखाच्या क्षेत्रफळाच्या मानाने शरीराचे वजन किती, यावर पक्ष्याला किती वेगाने उडावे लागेल ते ठरते. बदकाचे अंग जड आणि पंख लहान, म्हणून त्याला सतत व वेगाने पंख मारावे लागतात. गिधाडाचे वजनही मोठे; पण त्याचे पंख अतिशय रुंद असतात आणि तो तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या स्तंभांत गोल फिरत चढतो. म्हणूनच गिधाडे भल्या पहाटे उडत नाहीत, ऊन चढण्याची वाट पाहतात. झाडीत शिकार करणाऱ्याला चटकन वळता यावे लागते, तेथे आखूड पंख आणि लांब शेपटी कामी येते. त्यामुळे पक्ष्याचे उड्डाण पाहताना निरीक्षक नकळत त्याचे अन्न, त्याचे रान आणि त्याची जीवनपद्धतीही वाचत असतो. संपातीच्या सात मार्गांमागे हाच संबंध दडलेला होता.

अर्थात या विद्येलाही मर्यादा आहेत. जोराच्या वाऱ्यात परिचित पक्ष्याची लय बदलते, पिसे गळण्याच्या काळात पंखाची कड बदलते. पिल्लाची चाल प्रौढाहून निराळी असते. एकाच कुळातील काही जाती उडताना अनुभवी डोळ्यालाही फसवतात. म्हणूनच जाणकार निरीक्षक पुष्कळदा कुळाचे नाव सांगून थांबतो. आज अंकीय कॅमेरा उडत्या पक्ष्याचे पीसन्‌पीस गोठवून देतो आणि संशयाचे निराकरण घरी बसून करता येते. त्याने अचूकता वाढली. मात्र थांबलेल्या चित्रात लय आणि मार्ग नसतात, आणि एका अर्थी निरीक्षक पुन्हा पेटीतल्या नमुन्याकडेच जातो.

आकाशातील ओळखीचा खरा उपयोग नाव सांगण्यापुरता नाही, हे गिधाडांच्या इतिहासाने दाखवून दिले. १९८० च्या दशकापर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतातील गावोगावच्या आभाळाचा नित्याचा भाग होती. मेलेले गुरू टाकले की काही वेळात त्यांची चक्रे खाली उतरत. इतक्या सामान्य पक्ष्याची मोजणी करण्याचे कोणाला सुचत नसे. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांनी मात्र त्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्या नोंदींच्या तुलनेतून १९९० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आले की, ही गिधाडे झपाट्याने नाहीशी होत आहेत. देशभरातील पाहण्यांनुसार १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहूनही अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. २०२३ मध्ये आणखी दोन औषधांवर बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे बंदिस्त जागेत गिधाडांची वीण करण्याचे काम चालते.

या इतिहासात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, संग्रहालयांत या गिधाडांच्या कातड्यांची वाण नव्हती आणि ग्रंथांत वर्णनांची. तरीही त्यांच्या नाहीसे होण्याची वार्ता तेथून मिळाली नाही, ती मिळाली वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी जाऊन जिवंत पक्षी मोजणाऱ्याकडून. दुसरी म्हणजे, खेड्यातल्या जाणत्या माणसाला पूर्वी उंचावरील ठिपका घार की गिधाड हे सांगण्यासाठी क्षणभरही लागत नसे. ती ओळख शिकवावी लागत नव्हती, कारण आकाशात दोन्ही होती आणि तुलना आपोआप घडत होती. आता अनेक प्रदेशांत मुलांना फक्त घार दिसते. तुलनेला दुसरे काही नसल्यामुळे घिरट्या घालणारा प्रत्येक मोठा पक्षी त्यांना घारच वाटतो, आणि जे ओळखता येत नाही त्याची उणीवही त्यांना भासत नाही.

कर्णपर्वातील कावळ्याला उड्डाणांची सगळी नावे पाठ होती. पाण्यावर आपटताना त्याचे जे झाले त्याचे नाव मात्र त्याच्या यादीत नव्हते. संपातीकडे यादी आखूड होती, पण तिच्यातील प्रत्येक मार्गावर कोणीतरी उडत होते. भारतीय पक्षिविद्येने गेल्या दीडशे वर्षांत याद्या उत्तम केल्या. त्यांतील पाचव्या मार्गावरची चक्रे पुन्हा दिसू लागतील की नाही, हे अद्याप ठरायचे आहे. पिंजोरमध्ये वाढवलेली काही गिधाडे मोकळी सोडण्यात आली आहेत. त्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे आहेत आणि ती कोठे गेली हे त्या यंत्रांवरून कळते. ती नेमकी कशी उडतात, ऊन चढल्यावर केव्हा उठतात, घारींच्या किती वर चक्र धरतात, हे कळण्यासाठी मात्र कोणाला तरी माळावर उभे राहून वर पाहावे लागणार आहे.